महालक्ष्मीची जत्रा फ्रेंचमधून सांगताना

फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत ‘आवडत्या सणाविषयी बोला’ असा विषय आला की बहुतेक मुलं दिवाळी सांगतात. दिवे, रांगोळी, फटाके, फराळ, नवे कपडे. क्रम ठरलेला आणि वाक्यंही ठरलेली, कारण ती शिकवणीच्या वहीतून आलेली असतात. पहिलं मिनिट छान जातं. मग समोरची परीक्षक विचारते, ‘गेल्या वर्षी तुमच्या घरी काय झालं?’ आणि मूल गप्प होतं. भाषा येत नाही म्हणून नव्हे. वहीत गेल्या वर्षीचं काही लिहिलेलंच नसतं.

डहाणू आणि तलासरीच्या मुलांवर ही वेळ यायचं काही कारण नाही. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस चालणारी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा, भात घरात आल्यावर रात्र-रात्र घुमणारा तारपा, वाघबारस, शिमगा, किनाऱ्यावरच्या मांगेल्यांची नारळी पौर्णिमा, बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्यांतल्या इराणी-पारशी घरांचा नवरोज. दोन तालुक्यांत सांगण्यासारखं इतकं आहे की एकाच वर्गातली मुलं एकमेकांचं न उचलता बोलू शकतील. हे सगळं फ्रेंचमध्ये कसं उतरवायचं आणि परीक्षेच्या खोलीत नेमकं काय घडतं, ते इथं सावकाश बघू.

आधी परीक्षा समजून घ्यावी. फ्रेंचच्या तोंडी परीक्षा अनेक आहेत. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीला फ्रेंच घेतली तर १०० पैकी ८० गुण लेखी आणि २० तोंडी असतात. पण शाळा कुठलीही असो, कोणत्याही मुलाला बाहेरून देता येते ती परीक्षा म्हणजे देल्फ. हे फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचं प्रमाणपत्र १९८५ पासून दिलं जातं. ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा त्याच्या चढत्या पायऱ्या आहेत आणि एकदा मिळालं की त्याची मुदत संपत नाही. आपल्या मुलांना जवळची केंद्रं म्हणजे मुंबईची आलियांस फ्राँसेझ, नाहीतर उत्तरेला अहमदाबादची. सणांचा विषय खऱ्या अर्थानं ए-२ पासून रंगतो, म्हणून पुढचं सगळं ए-२ डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे.

ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात. पास व्हायला १०० पैकी ५० लागतात आणि कुठल्याही भागात ५ च्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे लेखी कितीही उत्तम असलं तरी तोंडीला गप्प बसून राहिलेलं मूल नापास होतं. बोलण्याचा भाग सहा ते आठ मिनिटांचा असतो आणि त्याचे तीन तुकडे पडतात. पहिल्यात स्वतःची ओळख आणि साधे प्रश्न, जेमतेम दीड मिनिट. दुसऱ्यात दिलेल्या विषयावर एकट्यानं सलग बोलायचं, साधारण दोन मिनिटं, आणि त्यानंतर परीक्षक एक-दोन प्रश्न विचारतात. तिसऱ्यात परीक्षकाबरोबर एखादा प्रसंग वठवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचे विषय चिठ्ठ्या उचलून मिळतात आणि त्यांच्या तयारीसाठी खोलीत जाण्याआधी दहा मिनिटं दिली जातात. कोरा कागद असतो. त्यावर मुद्दे टिपता येतात, पण लिहिलेलं वाचून दाखवलं की परीक्षकाला ते लगेच कळतं आणि गुण जातात.

दोन मिनिटं हा वेळ फसवा आहे. ऐकायला थोडा वाटतो, पण ए-२ च्या मुलासाठी म्हणजे पंधरा-वीस छोटी वाक्यं. मोठी वाक्यं रचायच्या भानगडीत पडलं की चौथ्या वाक्याला दम लागतो.

आता सण निवडायचा. यासाठी मी एकच कसोटी लावते: त्या सणात मुलानं स्वतःच्या हातानं काय केलं? ज्या सणात मूल नुसतं बघत उभं होतं तो सोडावा. ज्यात त्यानं काही उचललं, आणलं, रांधलं, विकत घेतलं, नाचलं, चालत गेलं, तो घ्यावा. परीक्षेत क्रियापदं लागतात आणि क्रियापदं हातापायांतून येतात. ‘दिवाळी हा प्रकाशाचा सण आहे’ या वाक्यात मुलाला करायला काही नाही. ‘आम्ही पहाटे निघालो, टेम्पोत बसलो, आजीनं नारळ घेतला’ यात तीन क्रियापदं आली आणि एक माणूसही आला.

समजा तलासरीजवळच्या एखाद्या पाड्यावरची आठवीतली मुलगी महालक्ष्मीची जत्रा निवडते. तयारीचा पहिला टप्पा फ्रेंचमध्ये नाहीच. तिला तिच्या घरच्या बोलीत, वारलीत किंवा मराठीत, जशी मैत्रिणीला सांगेल तशी जत्रा सांगायला लावायची आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायची. मध्ये टोकायचं नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा उभी केली, तेव्हा गुरं चारायला गेलेल्या मुलांमागं कुरणातच शाळा नेली. पानं, बिया, शंख-शिंपले हीच शिकवायची साधनं केली. मुलाच्या भोवती जे आहे तिथून सुरुवात करायची, ही गोष्ट या भागाला नवी नाही. परकी भाषा शिकवतानाही ती तितकीच खरी आहे.

रेकॉर्ड झालेलं ऐकलं की त्यात ‘मग’ सारखा येतो. मग आम्ही निघालो, मग गर्दी होती, मग बाबा म्हणाले. पुष्कळ शिक्षक ते ‘मग’ काढायला सांगतात. मी ठेवायला सांगते, कारण प्रत्येक ‘मग’च्या जागी फ्रेंचचा एक जोडशब्द बसतो. पहिल्या जागी ‘दाबोर’, म्हणजे आधी. पुढं ‘आँस्वीत’, म्हणजे त्यानंतर. मग ‘आप्रे’, आणि शेवटी ‘आँफँ’. हे चार शब्द क्रमानं आले की बोलण्याला कणा मिळतो आणि परीक्षकाला गोष्ट कुठून कुठं चालली आहे ते कळतं. सोबत ‘पार्स क’, म्हणजे ‘कारण’, किमान दोनदा यावं. आवडतं असं म्हणून सोडून देण्यापेक्षा का आवडतं हे सांगण्याला जास्त मोल आहे.

दुसरा टप्पा कापण्याचा. रेकॉर्डिंगमधून सहा गोष्टी उचलायच्या: कधी, कुठं, कोणाबरोबर, काय केलं, काय खाल्लं, का आवडलं. बाकी सगळं बाजूला. मुलीनं देवीची कथा सांगितली असेल, डोंगर चढताना मूर्च्छा आलेल्या गरोदर भक्त बाईसाठी देवी पायथ्याशी आली ती. कथा सुरेख आहे, पण ए-२ च्या भाषेत ती पेलत नाही. ती पुढच्या पायरीसाठी राखून ठेवायची. डोंगराच्या टोकावर पौर्णिमेच्या मध्यरात्री ध्वज लागतो आणि तो लावायचा मान वाघाडी गावच्या पुजाऱ्याचा आहे, हे मात्र ठेवायचं. ‘रात्री बारा वाजता एक माणूस डोंगर चढतो आणि वर झेंडा लावतो’: वाक्य साधं आहे, पण ते ऐकून परीक्षक पुढं झुकून प्रश्न विचारणार हे नक्की.

आणि हेच आपल्याला हवं असतं. दिवाळीवर बोललं तर मुंबईतल्या परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असतं. विवळवेढ्याच्या डोंगरावरच्या झेंड्याबद्दल मात्र खोलीत माहीतगार फक्त ही मुलगी असते. शाळेत तिचा सण बहुधा पुस्तकात नसतो. वारली मुलांना तो सांगायचा संकोच वाटतो हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. या सहा-आठ मिनिटांत तरी तिनं तो मान वर करून सांगावा, असं मला मनापासून वाटतं. गुणांच्या हिशेबानंही तेच शहाणपणाचं आहे.

तिसऱ्या टप्प्यात फ्रेंच येते. सुरुवात अशी: ‘मा फेत प्रेफेरे, से ला फ्वार द महालक्ष्मी.’ माझा आवडता सण म्हणजे महालक्ष्मीची जत्रा. पुढं: ती एप्रिलमध्ये पौर्णिमेला सुरू होते. ती पंधरा दिवस चालते. देऊळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून आहे. दरवर्षी मी घरच्यांबरोबर जाते. इथवर सगळी वाक्यं वर्तमानकाळात, कारण ही दरवर्षीची गोष्ट आहे.

मग वळण घ्यायचं: ‘लाने देर्न्येर’, गेल्या वर्षी. इथं भूतकाळ सुरू होतो आणि इथंच बहुतेकांची गाडी अडते. फ्रेंचमध्ये बोलताना दोन भूतकाळ लागतात. एकदा घडून गेलेल्या कृतीसाठी ‘पासे काँपोझे’ आणि तेव्हाची परिस्थिती सांगायला ‘अँपार्फे’. व्याकरणाच्या तक्त्यानं हे डोक्यात शिरत नाही. जत्रेवर लावून बघितलं की शिरतं. गर्दी होती, ऊन होतं, आजी दमली होती, पाळणे फिरत होते: हे सगळं अँपार्फे. आम्ही पोचलो, मी बांगड्या घेतल्या, भावानं भेळ खाल्ली, आम्ही संध्याकाळी परतलो: हे पासे काँपोझे. मराठीतही ‘होती’ आणि ‘घेतल्या’ यांत हा फरक आहेच. ए-२ ला अँपार्फेची दोनच रूपं पक्की असली तरी भागतं: ‘इल्याव्हे’, म्हणजे तिथं होतं, आणि ‘सेते’, म्हणजे ते होतं. ‘इल्याव्हे बोकू द माँद’, खूप माणसं होती. ‘सेते मान्यीफिक’, फार सुंदर होतं. ही दोन वाक्यं कुठल्याही सणात चालतात.

पासे काँपोझेमध्ये जाणं, येणं, निघणं, पोचणं अशा मोजक्या क्रियापदांना वेगळं साहाय्यक क्रियापद लागतं आणि त्यांचं रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणं बदलतं. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. मराठी मुलाला ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांची जन्मजात सवय असते. तिथं बोट ठेवून दाखवलं की मुलं क्षणात ओळखतात. नामाला लिंग असतं, विशेषण त्याप्रमाणं बदलतं, हेही मराठीत आहेच. समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही, हा विचारही आपल्याकडे घरचा आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की या मुलांना फ्रेंच इंग्रजीवरून शिकवू नये, मराठीवरून शिकवावी. वारली घरी, मराठी शाळेत, गुजराती बाजारात, हिंदी टीव्हीवर आणि इंग्रजी पुस्तकात, अशा चार-पाच भाषांत वावरणारी ही मुलं आहेत. नव्या भाषेचं भय त्यांना कमी असतं. ते भय बहुतेक वेळा मोठेच घालतात.

आता अडणाऱ्या शब्दांचं. तारपा, वाघबारस, पालघट यांना फ्रेंचमध्ये शब्द नाहीत, आणि शोधायचेही नाहीत. आपला शब्द तसाच उच्चारायचा आणि लगेच एका वाक्यात तो कसला आहे ते सांगायचं. यासाठी तीन साचे पुरतात: ‘हे एक प्रकारचं अमुक आहे’, ‘हे अमुकपासून बनवतात’, ‘हे अमुकसाठी वापरतात’. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य आहे. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांपासून ते बनवतात. त्यावर रात्री नाचतात. झालं. परीक्षकाला तारपा डोळ्यासमोर दिसला आणि मुलानं शब्द अडला तरी वाट काढता येते हे दाखवलं. या कौशल्याची किंमत मोठी आहे. तारपा सांगताना हातही चालू द्यावेत. वादक मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती वळणं घेत फिरतात, हे बोलता-बोलता हातानं काढून दाखवलं तर कोणी अडवत नाही.

वारली चित्रं हा विषय निघाला तर मुलांनी आणखी एक गोष्ट ठाऊक ठेवावी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं १९८९ मध्ये पॅरिसला ‘माजिस्यँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात होती. लग्नाच्या घरी सुवासिनींनी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहायचा, ही मूळ रीत. पुरुषानं हाती काडी घेऊन रोजच्या आयुष्याची चित्रं काढायची, हे म्हशे यांच्यापासून रुळलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या मुलाच्या घरी लग्नाचा चौक लिहिलेला आहे त्यानं सणाऐवजी लग्नच निवडावं, कारण ‘कौटुंबिक समारंभ’ हाही या परीक्षेचा नेहमीचा विषय आहे. चौकात मध्यभागी पालघट देवी, पांढरा रंग तांदळाचा, काडी बांबूची, धवलेरी बाई गाणी म्हणून लग्न लावते: एवढ्यावर दोन मिनिटं सहज भरतात. आणि हा विषय पॅरिसला आधीच पोचलेला आहे, ही जाणीव मुलाच्या आवाजात उतरते.

उच्चाराकडे वळू. इथं एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ दातांवर जीभ टेकवून म्हणायचे असतात, अगदी मराठी त-द सारखे. इंग्रजी माध्यमातली मुलं तिथं ट-ड म्हणतात आणि सगळं बोलणं जड करून टाकतात. त्यांना सांगायचं, तुझा मराठी ‘त’ वापर. प, त, क यांत हवा मिसळायची नाही, हेही मराठी जिभेला आपोआप जमतं. अडतं ते चार ठिकाणी. ‘झ’, म्हणजे ‘मी’, याचा उच्चार जेवणातल्या ‘ज’सारखा होतो; तो ‘टेलिव्हिजन’मधल्या ज-सारखा घासून यायला हवा. ‘ल्यून’, म्हणजे चंद्र, यातला स्वर काढायला ओठ ‘ऊ’साठी गोल करायचे आणि आत ‘ई’ म्हणायचं. नाकातले स्वर तीन वेगळे आहेत, ते एकसारखे झाले की शब्दांची गल्लत होते. आणि शब्दाच्या शेवटची पुष्कळ अक्षरं लिहायची असली तरी म्हणायची नसतात. घशातल्या ‘र’चा फार बाऊ करू नये. तो मराठी आला तरी बोलणं कळतं.

एक सावधगिरी. मी वर दिली तशी देवनागरीत लिहिलेली फ्रेंच वाक्यं फक्त ओळख होण्यापुरती असावीत. त्यावरच पाठ केलं तर चुकीचा उच्चार कायमचा बसतो. कान तयार करायला खरा आवाजच लागतो. फ्रान्सची आंतरराष्ट्रीय नभोवाणी आणि तेव्हे-सँक-माँद ही दूरचित्रवाहिनी शिकणाऱ्यांसाठी पायऱ्यांप्रमाणं फुकट पाठ देतात. रोज दहा मिनिटं ऐकून तसंच्या तसं मागून म्हणायचं. पाड्यावर नेटवर्क नसेल तर तालुक्याच्या गावी आल्यावर उतरवून घेता येतं.

परीक्षेच्या तिसऱ्या तुकड्यात, म्हणजे प्रसंग वठवताना, सण वेगळ्या रूपात येतो. ‘तुमचा फ्रेंच मित्र पहिल्यांदाच तुमच्याकडे सणाला येतो आहे, कार्यक्रम ठरवा.’ ‘मैत्रिणीच्या वाढदिवसाला भेट घ्यायची आहे, दुकानात चौकशी करा.’ इथं परीक्षक मित्र होतो किंवा दुकानदार होतो. मित्र असेल तर ‘त्यु’, दुकानदार असेल तर ‘व्हू’; हे सुरुवातीलाच ठरवून शेवटपर्यंत पाळायचं. मुलांची मोठी चूक ही, की ती फक्त उत्तरं देतात. या तुकड्यात विचारायचं असतं, सुचवायचं असतं, नाही म्हणायचं असतं, पर्याय द्यायचा असतो. मित्र म्हणतो, मी शनिवारी येतो. मुलानं म्हणावं, शनिवारी नको, गर्दी असते, सोमवारी ये. किती वाजता भेटायचं? डहाणू रोडला उतर, मी स्टेशनवर येतो. टोपी आण, ऊन असतं. शाळेत सराव करताना दोन मुलांना समोरासमोर बसवावं आणि एकानं प्रत्येक सूचनेला एकदा तरी नकार द्यायचा, असा नियम करावा. एवढ्यानं बोलणं खरं होतं.

फ्रान्सचे सण पाठ करावेत का, हे पालक हमखास विचारतात. ए-२ ला तशी गरज नाही. परीक्षा सामान्यज्ञानाची नाही. पण दोन-चार ठाऊक असले तर तुलना करता येते आणि तुलना ऐकायला परीक्षकाला आवडतं. ईस्टरचंच बघा. वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी तो येतो, म्हणून त्याची तारीख दरवर्षी सरकते. आपली जत्राही पौर्णिमेला धरूनच सरकते. २०२३ मध्ये चैत्री पौर्णिमा ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ एप्रिलला. ‘तुमच्या ईस्टरप्रमाणं आमची जत्राही चंद्र बघून ठरते’, हे एक वाक्य पुरे. २१ जूनला फ्रान्समध्ये संगीताचा सण असतो, १९८२ पासून. लोक रस्त्यावर येऊन फुकट वाजवतात आणि गातात. तारप्याच्या रात्री सांगताना तो आठवावा. मुलांना २ फेब्रुवारीचा शाँदलर सोपा जातो, कारण त्या दिवशी घरोघरी पातळ धिरड्यासारखे क्रेप करतात आणि खाण्याच्या शब्दांना तोटा नसतो.

१४ जुलै वेगळ्या जातीचा दिवस आहे. १७८९ मध्ये पॅरिसच्या लोकांनी बास्तीयचा तुरुंग ताब्यात घेतला, आणि १८८० पासून हा दिवस फ्रान्सचा राष्ट्रीय सण आहे. तलासरीच्या मुलाकडे याच्या जोडीला सांगण्यासारखं आहे. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगार करणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी गेले. दरवर्षी १० ऑक्टोबरला लाल झेंडे घेऊन माणसं जमतात. ज्या घरात हा दिवस पाळला जातो तिथल्या मुलानं तो निवडला तर भाषा जरा कठीण होईल, पण बी-१ च्या तयारीसाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही.

वेळापत्रक बांधताना इथला वर्षाचा क्रम पाहावा लागतो. दिवाळीनंतर कितीतरी घरं वीटभट्ट्यांवर आणि बाहेरच्या कामांवर जातात, शिमग्याला माणसं परततात. त्या काळात तोंडी सराव बंद पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून मुलासोबत जाईल असा सराव हवा: मोबाइलमध्ये स्वतःच्या आवाजातली दोन मिनिटं, आणि खिशात मावेल अशा पुठ्ठ्यावर सहा शब्द. वाक्यं नाहीत, फक्त शब्द. तो पुठ्ठा बघून रोज एकदा बोलायचं, आणि रोज थोडं वेगळं बोलायचं. शब्दशः तेच आलं तर ते पाठांतर झालं असं समजून सहा शब्दांचा क्रम बदलून टाकायचा. शिमग्याला घरी परतलेल्या बापाबद्दल बोलणारं मूल ‘हा सण का आवडतो’ या प्रश्नाला कधीच अडत नाही. ‘पार्स क माँ पेर र्‌व्हियँ’, कारण माझे बाबा परत येतात. ए-२ चं वाक्य इतकंच असतं आणि ते पूर्ण असतं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवं काही शिकवू नये. एकदा अनोळखी माणसासमोर बोलायला लावावं. फ्रेंच येत नसलेले शेजारचे काका चालतील, कारण उद्देश फक्त अनोळखी नजरेची सवय हा आहे. मुंबईच्या केंद्रावर सकाळची वेळ असेल तर डहाणू रोडहून पहाटेची गाडी धरावी लागते. गाडी विरारपर्यंतच असेल तर तिथं बदलायची आणि मरीन लाइन्सला उतरायचं, न्यू मरीन लाइन्सची आलियांस तिथून चालत जवळ आहे. दोन-अडीच तासांचा प्रवास आणि वर गर्दी, म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम करावा. मूल ताजं असलं पाहिजे.

तयारीच्या दहा मिनिटांत कागदाचे दोन भाग करायचे. डावीकडे एकट्यानं बोलायच्या विषयाचे सहा शब्द, उजवीकडे प्रसंगासाठी तीन प्रश्न आणि एक नकार. चिठ्ठीत सण नसून सुट्टी, आवडती जागा किंवा घरातलं आवडतं माणूस आलं तरी घाबरायचं नाही. जत्रेची तयारी तिथंही कामी येते. जत्रा ही जागा आहे, सुट्टी आहे, आणि आजी हे माणूस आहे. खोलीत शिरताना ‘बाँझूर मादाम’ किंवा ‘बाँझूर मस्य’ म्हणायचं. प्रश्न कळला नाही तर गप्प न बसता ‘पुन्हा सांगाल का’ असं फ्रेंचमध्ये विचारायचं. ते विचारल्यानं काही बिघडत नाही, गप्प बसल्यानं मात्र बिघडतं.

ए-२ पार पडल्यावर तोच पुठ्ठा बी-१ साठी ठेवून द्यावा. तिथं बोलणं पंधरा मिनिटांपर्यंत जातं आणि छोटा उतारा वाचून आपलं मत मांडायचं असतं. तेव्हा हीच मुलगी जत्रेतल्या प्लास्टिकबद्दल बोलेल. पर्यटकांसाठी स्टेजवर होणारा तारपा आणि खळ्यातला तारपा यांतल्या फरकाबद्दल बोलेल. देवी पायथ्याला का उतरली, ती राखून ठेवलेली कथाही मग सांगेल. त्यासाठी लागणारे नवे शब्द फार नाहीत. लागतो तो दोन्ही भूतकाळांचा पक्का सराव, आणि तो आत्ता, ए-२ च्या वर्षातच करून घ्यायचा असतो.